रानातल्या साथी आणि त्यांचा भूगोल : प्रस्तावना

१९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांचा एक निबंध छापून आला. साथींच्या गणिताचं आजचं शास्त्र बऱ्याच अंशी त्या निबंधावर उभं आहे. त्यातला सर्वांत गाजलेला आलेख मुंबईचा आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगनं दर आठवड्याला किती माणसं दगावली याचे ठिपके, आणि त्या ठिपक्यांवरून गेलेली समीकरणाची रेघ. आकडा हळूहळू चढतो, एप्रिलमध्ये कळस गाठतो आणि मग उतरतो. रेघ आणि ठिपके इतके जुळतात की पाहणाऱ्याला समाधान वाटावं.

त्या आलेखाशेजारचा मजकूर मात्र फारसं कुणी वाचत नाही. माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली आहे असं आपण धरून चाललो आहोत, असं लेखक तिथे स्पष्ट सांगतात. पुढे ते आपली गृहीतकं मांडतात. त्यांतलं एक असं, की बेटावरच्या प्रत्येक निरोगी उंदराला लागण होण्याची शक्यता सारखीच आहे. आणि यांतलं एकही गृहीतक काटेकोरपणे खरं नाही, हेही ते लगेच सांगून टाकतात. मॅकेंड्रिक यांनी हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वर्षानुवर्षं काम केलं होतं. आपण काय गाळतो आहोत याची त्यांना पुरेपूर जाण होती.

मुंबईत राहणाऱ्या कुणालाही ते कळलंच असतं. १८९६ साली प्लेग पहिल्यांदा उघडकीला आला तो मांडवीत, म्हणजे बंदराला लागून असलेल्या, धान्याच्या वखारींनी भरलेल्या वस्तीत. वखारीतल्या उंदराचं आणि मलबार हिलवरच्या बंगल्यातल्या उंदराचं नशीब सारखं नव्हतं. परळच्या प्रयोगशाळेतून काम करणाऱ्या प्लेग आयोगानं पुढे दाखवून दिलं की साथ आधी गटारांतल्या मोठ्या उंदरांत पसरते, मग घरांतल्या उंदरांत आणि शेवटी माणसांत. रोगाला शहराचा नकाशा होता. समीकरणाला तो नव्हता.

हे पुस्तक त्या नकाशाबद्दल आहे. रोग वन्य प्राण्यांत पसरतो तेव्हा तो एकसारख्या पटावर पसरत नाही. मध्ये नदी येते, डोंगर येतो, काजूची बाग येते, महामार्ग येतो. एका ओहोळाकाठी प्राणी दिवसभर रेंगाळतात, तर पलीकडचं उघडं माळरान मिनिटांत ओलांडून जातात. या सगळ्याचा रोगाच्या वेगावर, दिशेवर आणि टिकून राहण्यावर काय परिणाम होतो हे गणितानं आणि संगणकानं तपासण्याचं एक शास्त्र गेल्या चार-पाच दशकांत उभं राहिलं आहे. मराठीत त्यावर सलग लेखन नाही. विषयाचा एक धागा मुंबईच्या प्लेगपासून निघतो आणि दुसरा सिंधुदुर्गातल्या माकडतापापर्यंत येतो, हे पाहता ही उणीव मला फार खटकत आली आहे.

या शास्त्राला दोन उगम आहेत. एक गणिती आणि दुसरा पायी हिंडणाऱ्यांचा. गणिती उगमात केरमॅक-मॅकेंड्रिक यांच्या आधी रोनाल्ड रॉस आहेत. अल्मोड्यात जन्मलेले, १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधणारे रॉस नंतरच्या आयुष्यात समीकरणांत बुडाले होते. डास शून्यावर आणण्याची गरज नाही, त्यांची संख्या एका पातळीखाली नेली की मलेरिया आपोआप ओसरेल, हे त्यांनी हिशेबानं मांडलं. उंबरठ्याची ही कल्पना या विषयाचा कणा आहे. अमुक इतक्या प्राण्यांहून कमी असतील तर रोग टिकत नाही, जास्त असतील तर पसरतो. १९७९ साली रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे यांनी ही कल्पना प्राणिशास्त्राच्या मध्यभागी आणून ठेवली. रोगाला त्यांनी वन्य प्राण्यांची संख्या ठरवणाऱ्या घटकांत भक्षक आणि अन्न यांच्या पंक्तीला बसवलं.

दुसरा उगम सोव्हिएत रशियातला. १९३०च्या दशकात अतिपूर्वेच्या तैगा जंगलात गेलेल्या कामगारांना आणि सैनिकांना मेंदूज्वर होऊ लागला. तो गोचिडींमुळे होतो हे तिथे गेलेल्या मोहिमांनी शोधलं. येवगेनी पावलोव्स्की यांनी त्यावरून एक सिद्धांत मांडला : काही रोगांना निसर्गात स्वतःचं ठाणं असतं. विशिष्ट झाडोरा, विशिष्ट हवा, तिथले उंदीर-घुशी आणि त्यांच्या अंगावरचे कीटक मिळून ते ठाणं बनतं. माणूस नसला तरी रोग तिथे नांदतो, माणूस तिथे गेला की त्याला गाठतो. म्हणून भूप्रदेश वाचता आला तर रोग कुठे असेल ते आधीच सांगता येतं. पावलोव्स्कींच्या मांडणीत समीकरण जवळजवळ नाही, पण जागा आहे. अँडरसन-मे यांच्याकडे समीकरण आहे, पण जागा नाही. पुढचा सगळा इतिहास या दोन्ही बाजू जुळवण्याचा आहे.

त्या जुळणीचं मला सर्वांत सुंदर वाटणारं उदाहरण कझाकस्तानातलं आहे. तिथल्या रखरखीत गवताळ प्रदेशात मोठे जर्बिल राहतात. हे उंदराच्या जातीचे प्राणी कुटुंबानं मिळून जमिनीखाली बिळांचं जाळं खणतात. वर उभं राहून पाहिलं तर गवतात गोल उघडा चट्टा दिसतो, आणि आकाशातून घेतलेल्या छायाचित्रात असे हजारो चट्टे माळभर विखुरलेले दिसतात. सगळ्या बिळांत वस्ती नसते. काही वर्षं बरीचशी ओस पडतात, काही वर्षं भरतात. सोव्हिएत काळातल्या प्लेगविरोधी केंद्रांचे कर्मचारी दर वर्षी दोनदा, वसंतात आणि शरदात, या माळावर फिरून किती बिळं वसलेली आहेत ते मोजत आणि प्राणी पकडून प्लेग तपासत. अशी दशकानुदशकांची वही तयार झाली.

२००४ आणि २००८ मध्ये स्टीफन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी त्या वहीचा अर्थ लावला. वसलेल्या बिळांचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाच्या वर गेलं तरच प्लेग माळावर पसरू शकतो असं त्यांना दिसलं, आणि तेही लगेच नाही, काही काळ मागे राहून. एक तृतीयांशच का? नेहमीचा उंबरठा इथे पुरा पडत नाही. एका आजारी कुटुंबाकडून एकाहून अधिक कुटुंबांना लागण होत असली तरी साथ विझू शकते, कारण पिसवा फार लांब जात नाहीत आणि शेजारची दोन-चार बिळं संपली की रोगाला पुढे जायला जागा उरत नाही. ओढा ओलांडताना दगडांवर पाय ठेवत जायचं असेल तर दगड थोडे असताना आपण मध्येच अडकतो, पण आणखी थोडे दगड पडले की अचानक पैलतीर गाठता येतो. वसलेल्या बिळांचंही तसंच आहे. भौतिकशास्त्रात सच्छिद्र खडकातून द्रव पाझरतो का, याचा हिशेब करण्यासाठी जे गणित वापरतात तेच इथे चपखल बसलं. रोगाचा उंबरठा प्राण्यांच्या संख्येत नसून त्यांच्या मांडणीत होता.

दुसरा मोठा प्रवाह लाटांचा. युरोपात १९३९च्या सुमारास पोलंड-रशिया सीमेवरून खोकडांमधला रेबीज पश्चिमेकडे सरकू लागला. वर्षाला साधारण ३० ते ६० किलोमीटर अशा वेगानं, जर्मनी पार करून, १९६८ मध्ये तो फ्रान्सला पोचला. निरोगी खोकड आपला इलाका सोडत नाही, पण पिसाळलेल्या खोकडाला इलाक्याचं भान राहत नाही आणि तो वाट फुटेल तिकडे भरकटतो. जेम्स मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हे भरकटणं विसरणाच्या समीकरणात घातलं, म्हणजे पाण्यात रंग पसरतो त्याचं वर्णन करणाऱ्या समीकरणात. त्यातून लाटेचा वेग निघाला, पाठोपाठ येणाऱ्या छोट्या लाटा निघाल्या, आणि खोकड विरळ करून किती रुंदीचा पट्टा ठेवला तर रोग अडेल याचा अंदाजही निघाला.

स्वित्झर्लंडनं असा पट्टा त्याआधीच, मारून नव्हे, लस देऊन तयार केला होता. ऑक्टोबर १९७८ मध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकली गेली. खोरं अरुंद होतं, दोन्ही बाजूंना आल्प्सच्या भिंती. रोगाला आत शिरायला एकच तोंड होतं आणि तेच बंद केलं गेलं. त्यानंतर एकेक खोरं मोकळं होत गेलं. समीकरण पुढे सपाट युरोपासाठी लिहिलं गेलं, यश आलं ते उंचसखल प्रदेशात.

समीकरणातच नदी घालायची तर काय करावं? या प्रश्नाला अमेरिकेतल्या एका अभ्यासानं फार कमी साधनांत उत्तर दिलं. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडून रकून आणून व्हर्जिनियाच्या आसपास सोडण्यात आले आणि त्यांच्याबरोबर रेबीज आला. तो ईशान्येकडे सरकत १९९१ मध्ये कनेक्टिकट राज्यात शिरला. त्या राज्यात १६९ गावं आहेत आणि प्रत्येक गावात पहिला पिसाळलेला रकून कोणत्या महिन्यात सापडला याची नोंद आहे. डेव्हिड स्मिथ, लेस्ली रिअल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या नोंदींवर एक साधं मॉडेल बसवलं. गाव म्हणजे एक घर, शेजारच्या बाधित घरांकडून लागण येते. दोन गावांमध्ये मोठी नदी असेल तर शक्यता कमी धरायची, क्वचित कुणीतरी दूरून प्राणी उचलून आणतो त्यासाठी थोडी जागा ठेवायची. बस, एवढंच. निष्कर्ष असा आला की नदी आडवी असेल तर रोगाचा स्थानिक वेग सातपटीनं मंदावतो.

मला हा निबंध पुनःपुन्हा वाचावासा वाटतो. त्यात रकून किती आहेत, ते दिवसाला किती चालतात, किती दिवसांत मरतात, यातलं काही नाही. फक्त पहिली तारीख आणि नकाशा. तरी लसीचे गोळे कुठे टाकायचे या प्रश्नाला तो थेट भिडतो : नदीला धरून टाका, तिनं अर्धं काम आधीच केलेलं आहे.

जागा निवडण्याची हीच किमया इथिओपियाच्या बाले पर्वतात प्राण वाचवणारी ठरली. तिथला लांडगा श्वानकुळातल्या अतिदुर्मीळ प्राण्यांपैकी एक. सगळे मिळून पाचशेच्या आसपास. २००३ मध्ये वेब खोऱ्यातल्या लांडग्यांत पाळीव कुत्र्यांकडून रेबीज आला आणि तिथले बहुतेक लांडगे मेले. सगळ्या लांडग्यांना पकडून टोचणं शक्य नव्हतं. पण एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणारे मार्ग अरुंद आहेत. या मार्गांवरच्या कळपांना लस दिली आणि साथ पुढे सरकली नाही. डॅनियल हेडन आणि सहकाऱ्यांनी नंतर मॉडेलमधून दाखवलं की योग्य जागी दिली तर थोड्याच लांडग्यांना दिलेली लसही संपूर्ण जमात नष्ट होण्यापासून वाचवू शकते. वन्य प्राण्यांच्या रोगनियंत्रणात सगळ्यांपर्यंत पोचणं जवळजवळ कधीच जमत नाही, म्हणून कुठे पोचायचं हे सांगणारं शास्त्र इथे चैन नाही, गरज आहे.

आता थोडं अवघड पण महत्त्वाचं. विसरणाच्या नेहमीच्या समीकरणात एक खोट आहे. ते सोडून दिलं की प्राणी शेवटी सगळीकडे सारखे पसरतात. रानात असं होत नाही. हरीण झुडपात, पाण्याकाठी, सावलीला रेंगाळतं आणि उघड्यावरून झपाट्यानं जातं. प्राणी जिथे हळू चालतात तिथे ते जास्त दिसतात, कारण तिथे त्यांचा वेळ जास्त जातो. ही गोष्ट धरणाऱ्या समीकरणाला पर्यावरणीय विसरण म्हणतात. अमेरिकेतल्या म्यूल हरणांच्या ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ या मेंदूच्या रोगासाठी ते वापरलं गेलं. १९६७ साली कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांत पहिल्यांदा दिसलेला हा रोग प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनानं होतो, आणि ते प्रथिन मातीत वर्षानुवर्षं टिकतं. म्हणजे हरीण जिथे रेंगाळतं तिथेच विषही साठतं.

पण हरणाचं रेंगाळणं काही मीटरांवर ठरतं आणि रोग पसरतो शेकडो किलोमीटर. प्रत्येक झुडूप संगणकात घालणं परवडत नाही. मग मोठ्या तुकड्याची एक सरासरी चाल घ्यावी लागते. ती कशी घ्यायची? गणित सांगतं की साधी सरासरी नको, ज्याला कॉलेजात हार्मोनिक मीन म्हणतात ती घ्या. अर्ध्या रानात चालीचा आकडा १० असेल आणि अर्ध्यात १, तर साधी सरासरी साडेपाच येते, हार्मोनिक मीन दोनच्याही खाली. संथ जागा सगळ्या प्रदेशाची गती ठरवतात. साधी सरासरी घेतली तर चालीचा आकडा तिपटीनं फुगतो आणि रोग आहे त्याहून चपळ वाटतो. पुस्तकातला सर्वांत गणिती भाग याच मुद्द्याभोवती आहे आणि वाचकानं तो टाळू नये अशी माझी विनंती आहे. पदवीपूर्व गणिताच्या बळावर तो वाचता येईल असा लिहिला आहे.

बाकीच्या शाखांचा उल्लेख थोडक्यात पुरे. वटवाघळांचा ‘व्हाइट नोज’ हा बुरशीचा रोग २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या गुहेत दिसला. त्याची मॉडेलं गुहांची संख्या आणि हिवाळ्याची लांबी यांवर उभी आहेत, तिथे पृष्ठभागापेक्षा जाळं महत्त्वाचं. काही अभ्यासक संगणकात एकेक प्राणी वेगळा फिरवतात. ते पाहायला आकर्षक असतं, पण त्यात इतक्या कळा असतात की हवं ते उत्तर काढता येतं. विषाणूच्या जनुकांतले बारीक बदल वाचून रोग कोणत्या वाटेनं आला हे उलट दिशेनं शोधणारी शाखा मात्र मला फार आश्वासक वाटते, कारण ती इतर मॉडेलांची परीक्षा घेऊ शकते.

परीक्षा घ्यावीच लागते. ब्रिटनमध्ये गुरांचा क्षय बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यात टिकून राहतो, म्हणून बॅजर मारावेत असा आग्रह होता. १९९८ ते २००५ या काळात तिथे यदृच्छ पद्धतीनं प्रदेश निवडून मोठा प्रयोग झाला. ज्या भागात बॅजर पद्धतशीर मारले तिथे गुरांतला क्षय जवळजवळ पावपटीनं कमी झाला. लगतच्या पट्ट्यात तो तितकाच वाढला. या मारण्यामुळे उरलेल्या बॅजरांच्या इलाक्यांची घडी विस्कटली, ते लांब फिरू लागले आणि रोग बाहेर घेऊन गेले. प्राणी कमी म्हणजे रोग कमी हे सूत्र हद्दीपाशी उलटलं. हा धडा आपल्याकडे भटक्या कुत्र्यांपासून रानडुकरांपर्यंत प्रत्येक चर्चेत आठवायला हवा.

संचारमार्गांचा प्रश्नही असाच दुधारी आहे. ताडोबा, नागझिरा, पेंच यांना जोडणाऱ्या रानपट्ट्यांसाठी आपण झगडतो, महामार्ग ४४ खालून प्राण्यांसाठी वाटा काढून घेतो, आणि ते योग्यच आहे. जॉर्ज हेस यांनी १९९०च्या दशकात मॉडेलमधून दाखवलं की ज्या वाटेनं वाघ जातो तिनं रोगही जातो. उलट बाजूला गीरचं उदाहरण आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथे थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत कॅनाइन डिस्टेंपर सापडला. १९९४ मध्ये याच विषाणूनं सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह नेले होते. तिथे सिंह पुन्हा वाढले. आशियाई सिंहांची तर एकुलती एक वस्ती आहे, आणि काही सिंह दुसरीकडे हलवावेत हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१३ पासून तसाच आहे. जोडणं आणि तोडणं यांत सरसकट चांगलं-वाईट नसतं. कोणता रोग, कोणता प्राणी, किती अंतर, हे घालून हिशेब करावा लागतो, आणि तो करता येतो.

आता आपल्या दाराशी. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात वानरं आणि माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत कडक तापानं माणसं आजारी पडली. आधी पीतज्वराचा संशय आला. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं त्याच वर्षी नवा विषाणू वेगळा केला. तो गोचिडींतून पसरतो. गोचीड लहान असताना उंदीर, चिचुंद्री, माकड यांचं रक्त पिते, मोठी झाली की गुरांवर चढते. गुरांच्या अंगात विषाणू फारसा वाढत नाही, पण गोचिडींची पैदास त्यांच्या रक्तावर भरपूर होते. होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्येच लिहिलं होतं की जंगल तोडून केलेली शेती आणि तिच्या कडेनं चरणारी गुरं यांनी हा रोग उसळवला. पावलोव्स्कींच्या भाषेत सांगायचं तर ठाणं जुनंच होतं, माणसानं त्याची कड रुंद केली.

कित्येक दशकं हा रोग शिमोगा आणि लगतच्या जिल्ह्यांत राहिला. २०१२ पासून तो बंदीपूर, वायनाड, गोव्यात सत्तरी आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात दिसला. इकडे त्याला माकडताप म्हणतात. त्याचा मोसम म्हणजे काजू गोळा करण्याचा, पातेरा जमवण्याचा मोसम. पिल्लू गोचिडी त्याच पातेऱ्यात असतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या बाधित गोचिडी खाली उतरतात आणि तेवढा जमिनीचा तुकडा घातक होतो. म्हणून मेलेलं माकड दिसलं की कळवा, असं आरोग्यखातं सांगतं आणि त्या जागेभोवती कीटकनाशक टाकतं.

भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या एका गटानं २०२० मध्ये या रोगाचा धोक्याचा नकाशा प्रसिद्ध केला. ओलं सदाहरित जंगल आणि लागवड जिथे एकमेकांत मिसळलेली आहे आणि देशी गुरं जास्त आहेत, तिथे धोका अधिक असं त्यातून निघालं. मॉडेलमध्ये काय घालायचं हे त्यांनी आरोग्य, पशुसंवर्धन आणि वनखात्यातल्या माणसांबरोबर बसून ठरवलं. याचं महत्त्व मला फार वाटतं. कारण अशा मॉडेलचा कच्चा माल म्हणजे मेलेल्या माकडाची खबर, आणि ती खबर कोण देतं? रस्त्याकडेला मेलेलं माकड दिसतं, आत रानात मेलेलं दिसत नाही. जिथे आशाताई जागरूक तिथे नोंदी जास्त, जिथे नोंद केली की बागेत जाणं बंद होईल अशी भीती तिथे कमी. हे न धरता रंगवलेला लाल-पिवळा नकाशा रोगाचा नसून खबरांचा असतो. कुठे रोग नाही आणि कुठे पाहणारा नाही, यातला फरक नकाशावर वेगळ्या रंगानं दाखवलाच पाहिजे, याबद्दल मी आग्रही आहे.

आज हे सगळं का वाचायचं? आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आला. तिथल्या पाळीव डुकरांपाठोपाठ मानसच्या गवतातल्या पिग्मी हॉगसारख्या अतिदुर्मीळ प्राण्यावर त्याची टांगती तलवार आहे. चेक प्रजासत्ताकात हाच रोग २०१७ मध्ये रानडुकरांत आला होता. कुंपण घालून, मेलेली जनावरं कसून शोधून तो एकाच भागात कोंडला गेला आणि २०१९ पर्यंत संपला. पसरण्याआधी नकाशा हाती असला तर काय साधतं याचा तो पुरावा आहे. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं मेले. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा पुण्याच्या शास्त्रज्ञांना सापडल्या, त्यालाही आता काही वर्षं झाली. ऑस्ट्रेलियात अशाच वटवाघळांतल्या हेंड्रा विषाणूचा अभ्यास सांगतो की हिवाळी फुलोऱ्याची रानं तुटली, उपासमार झाली, वटवाघळं माणसांच्या वस्तीत आली आणि विषाणू घोड्यांपर्यंत पोचला. कोणत्या वर्षी धोका वाढेल हे तिथे आता फुलोरा आणि हवामान पाहून आगाऊ सांगता येऊ लागलं आहे. सह्याद्रीतली कोणती झाडं कधी फुलतात हे आपल्याकडे ठाऊक असणारी माणसं कमी नाहीत. त्यांची माहिती या शास्त्राच्या उपयोगी पडू शकते हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, इतकंच.

जुना इतिहासही विसरू नये. १८८७ मध्ये हिंदुस्थानातून गेलेल्या गुरांबरोबर बुळकांडी एरिट्रियात उतरली आणि दहा वर्षांत आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत गुरं, रानरेडे, विल्डबीस्ट यांचा संहार करत गेली. पुढे गुरांना लस दिल्यावर सेरेंगेटीतले विल्डबीस्ट १९६०च्या दशकाच्या सुरुवातीच्या अडीच लाखांवरून १९७०च्या दशकाअखेर १३ लाखांवर गेले, आणि २०११ मध्ये रोग जगातून संपला. बुळकांडीच्या अभ्यासासाठी सरकारनं १८८९ मध्ये प्रयोगशाळा काढली होती ती पुण्यात. विषय आपल्यापासून दूरचा कधीच नव्हता.

हे पुस्तक या क्षेत्रातलं सगळं सांगत नाही. प्रयोगशाळेतलं विषाणुशास्त्र यात नाही, लसनिर्मिती नाही, आणि मानवी साथींचा भाग जिथे अपरिहार्य आहे तेवढाच आहे. मांडणी कालक्रमानं न करता प्रश्नांच्या क्रमानं केली आहे : रोग टिकेल का, किती वेगानं जाईल, कुठे अडेल, आणि आपल्याला हे किती खात्रीनं म्हणता येतं. चौथ्या प्रश्नाला सर्वांत जास्त पानं दिली आहेत, कारण बहुतेक पुस्तकं त्याला सर्वांत कमी देतात. वनरक्षक, पशुवैद्य, आरोग्यसेवक यांना समीकरणं सोडून वाचता यावं म्हणून प्रत्येक मॉडेलची गृहीतकं आधी साध्या वाक्यांत लिहिली आहेत, केरमॅक-मॅकेंड्रिक यांनी लिहिली होती तशी उघडपणे. गणिताच्या विद्यार्थ्यांनी उलट दिशेनं, समीकरणाकडून रानाकडे यावं.

शेवटच्या भागात वाचकानं स्वतः करून पाहायचं एक काम आहे. दोडामार्ग तालुक्याचा नकाशा चौकोनांत विभागून, कनेक्टिकटच्या धर्तीवरचं मॉडेल साध्या संगणकावर चालवायचं. जंगल, काजूबाग, गुरांची संख्या यांचे थर सोबत दिले आहेत. तिळारी नदी अडसर मानायची की नाही, मानली तर माकडांसाठी, गुरांसाठी की दोघांसाठी, हे वाचकानं ठरवायचं आहे. दोन्ही पर्याय चालवून पाहावेत. कोणता खरा हे तपासायला गावपातळीवर कोणत्या नोंदी, कोणत्या महिन्यांत आणि किती वर्षं ठेवाव्या लागतील, त्यांचा तक्ता त्या भागाच्या अखेरीस आहे. ग्रामपंचायतींना तो जसाच्या तसा वापरता येईल.